फणसाची ईद

आमच्या दादीच्या हिशेबात रमजान ईद दोन प्रकारची होती. एक नुसती ईद आणि दुसरी फणसाची ईद. नुसती ईद दरवर्षी यायची. फणसाची ईद एकदा आली की चार-पाच वर्षं मुक्काम करायची आणि मग जी जायची ती पोरांचे बाप होऊन त्यांचे केस पिकेपर्यंत परत यायची नाही. बाईमाणसाच्या नशिबात ती दोनदा येते, असं दादी म्हणायची. एकदा सून असताना आणि एकदा सासू असताना. तिसऱ्यांदा आली तर ते अल्लाचं बोनस.

रेडिओवर सणाच्या जेवणाबद्दल बोला, असं सांगण्यात आलं तेव्हा मला पहिल्यांदा दादीचं हे गणित आठवलं. मी बी.ए. झालेला, त्यातून कवी. गणिताशी माझं फारसं सख्य नाही. पण हा हिशेब मी नंतर कागदावर मांडून पाहिला. तो चोख निघाला.

चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं आणि सूर्याचं 365 दिवसांचं. मध्ये 11 दिवसांची तूट. ही तूट हिंदू पंचांगालाही आहे आणि हिजरी कॅलेंडरलाही, कारण दोघांचे महिने चंद्रावरच चालतात. पंचांग काय करतं, तर ही थकबाकी साठू देतं आणि साधारण 33 महिन्यांनी एक अख्खा अधिक महिना घालून खातं चुकतं करतं. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच येते आणि गणपती पावसातच येतात. कुराणानं मात्र असा जादा महिना घालायला मनाई केली. त्यामुळे आमची थकबाकी कधीच भरली जात नाही. ईद दरवर्षी 10-11 दिवस आधी येत येत सगळे ऋतू फिरते आणि 33 वर्षांनी मूळ जागी परतते. एकाकडे 33 महिने, दुसऱ्याकडे 33 वर्षं. तूट तीच, 11 दिवसांची.

फणस मात्र झाडाला लागतो. तो सूर्याचं ऐकतो, चंद्राचं नाही. बरका फणस एप्रिलअखेरीपासून पिकायला लागतो आणि पाऊस पडला की पांचट होतो. म्हणजे ईद मे महिन्याच्या आसपास आली तरच ताटात फणसाचं सांदण. दादीच्या पहिल्या फेरीतल्या ईदी 1956-57 च्या सुमाराच्या. तेव्हा ती तिशीही न गाठलेली सून होती. दुसरी फेरी 1986 ते 1990. तेव्हा ती सासू होती आणि मी कॉलेजात पाय ठेवलेला पोरगा.

आमचं गाव बाणकोटच्या खाडीकाठचं. वडील पुण्याला नोकरीला, पण ईदेला आम्ही एसटीनं गावी जात असू. घाट उतरल्यावर पहिला वास यायचा तो मासळीचा आणि दुसरा फणसाचा. कोकणी मुसलमानांच्या घरी सांदण दोन तऱ्हेचं होई. पांढरं सांदण प्रत्येक ईदेला. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालायची, रात्रभर फुगू द्यायचं आणि वाट्यांमधून वाफवायचं. मटणाच्या रश्शाशीही खायचं आणि गोड नारळाच्या दुधाशीही. फणसाचं सांदण फणसाच्या ईदेलाच. त्याला आंबवणं लागत नाही. तांदळाच्या रव्यात बरक्या गऱ्यांचा रस कालवला की झालं. रस गाळायला दादी शेजारच्या जोशीकाकूंची मोठी वेताची चाळण मागून आणायची, कारण त्यांच्याकडेही तेच सांदण व्हायचं. काकू तुपाशी खायच्या, आम्ही नारळाच्या दुधाशी. मतभेद एवढाच.

1989 ची ईद मे महिन्याच्या सुरुवातीला आली होती. त्या वर्षी आमचे धाकटे चाचा आखातातून सहा वर्षांनी सुटीवर आले होते. येताना टेपरेकॉर्डर आणला, सगळ्यांना अत्तराच्या बाटल्या आणल्या आणि काय चालतं, काय चालत नाही याची एक यादीही आणली. ईदेच्या आदल्या संध्याकाळी चाचा स्वयंपाकघरात डोकावले, तेव्हा पांढऱ्या सांदणाचं पीठ फुगायला ठेवलं होतं. त्यांनी वास घेतला आणि चेहरा बदलला. त्या पिठात माडी होती.

कोकणात माडाची ताजी माडी हेच आंबवण होतं. यीस्टची पुडी आमच्या गावात कुणी पाहिलेली नव्हती. वसईचे ख्रिस्ती आणि गोव्याचे लोकही त्यांच्या सान्नांना माडीच घालत. आमच्याकडे एक भंडारी काका ती पहाटे आणून द्यायचे, पितळी तांब्यावर केळीचं पान बांधून. (मुंबई सरकारचा दारूबंदीचा कायदा 1949 चा. म्हणजे तेव्हापासून आमच्या सांदणाकडे सरकारचाही डोळा असायला हवा होता. पण वाटीत वाफवलेली माडी पकडायला कुणी पोलीस आल्याचं ऐकिवात नाही.)

चाचा म्हणाले, ‘‘आई, हे हराम आहे. फेकून दे.’’

दादी विळीवर नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ‘‘माझ्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. त्यांची कुणाची ईद झालीच नाय काय?’’

चाचांनी मग मुद्दे मांडले. मुद्दे बिनतोड होते, हे कबूल करायला हवं. माडी चढते, जे चढतं ते निषिद्ध, मग ते थेंबभर असो की घागरभर. दादीचं म्हणणं, वाफेवर माडी राहतेच कुठे, नुसता फुगवटा राहतो. वडील दोघांच्या मध्ये बसून पानाला चुना लावत राहिले. रात्री केव्हातरी ते पातेलं मागच्या दारी ओतलं गेलं. कुणी ओतलं ते मी पाहिलं नाही. सकाळी दादीनं फणसाचं सांदण केलं, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः खाल्लं नाही. दात दुखतो म्हणाली. पांढरं सांदण त्यानंतर तिनं कधीच केलं नाही. पुढे मुंबईहून यीस्ट यायला लागलं, चुलत बहिणी त्याचं करू लागल्या, ते छान हलकंही होई. दादी बघायची आणि म्हणायची, पाव चांगला झालाय.

चाचांच्या यादीत आणखी दोन पदार्थ होते आणि ते माझ्या आईचे होते. अम्मी सोलापूरची. आता तुम्ही म्हणाल, मुसलमानाचं मुसलमानाशी लग्न, यात मिश्र ते काय? पण माझ्या आईवडिलांच्या घरांत जेवढं अंतर होतं, तेवढं दादी आणि जोशीकाकूंच्या घरांत नव्हतं. अम्मीचं घर दखनी बोलणारं, गव्हा-ज्वारीचं, दुभत्याचं. दादीचं घर कोकणी बोलणारं, तांदळाचं, नारळाचं. अम्मीला मासळीचा वास सहन होत नसे आणि दादीच्या मते गव्हाची रोटी हे आजाऱ्याचं अन्न होतं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला अम्मीनं मोठ्या हौसेनं शिरखुर्मा करायला घेतला. आमच्या गावात त्या काळी दूध औषधापुरतं मिळे. दादीनं वेळ साजरी करायला नारळाचं दूध ओतलं. शीर म्हणजे फारसीत दूध, खुर्मा म्हणजे खजूर. दूध कुणाचं ते शब्दात कुठे लिहिलंय? पण अम्मी चुलीपुढे बसून रडली. ‘‘ये शिरखुर्मा नै, खोबरेका सालन है,’’ हे तिचं वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखं वापरलं जाऊ लागलं.

चाचांनी बंद करायला सांगितलेले अम्मीचे पदार्थ म्हणजे मोहरमचे चोंगे आणि दर्ग्यावरचा मलिदा. चोंगे मी खाल्ले ते आजोळी. गुळाच्या पाण्यात मळलेली कणीक, तिची जाडसर पोळी, तीवर लाकडी साच्याची नक्षी उठवायची आणि भाजून वर तूप, गूळ, खसखस, खोबरं. सोलापूर-विजापूरकडे मोहरमचे पंजे बसतात तिथे हिंदू घरांतूनही चोंगे होत. अम्मीनं लग्नात तो साचा बरोबर आणला होता. चाचांच्या यादीनंतर तो माळ्यावर गेला.

मला त्या वयात चाचांचा राग आला होता. आता येत नाही. परदेशात चार देशांच्या मुसलमानांबरोबर एका खोलीत राहणाऱ्या माणसाला ‘तुमच्याकडे हे असं का?’ या प्रश्नाचं उत्तर रोज द्यावं लागत असणार. उत्तर देता आलं नाही की माणूस पदार्थच सोडून देतो. मी उत्तर शोधायला ग्रंथालयात गेलो, एवढाच आमच्यातला फरक. आणि मला वेळही होता.

अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, चौलला आला होता. तो चौलला सैमूर म्हणतो. राज्य शिलाहार झंझ राजाचं. मसूदी लिहितो की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, बगदादचे. आणि त्यांच्यात काही ‘बयासिरा’ आहेत, म्हणजे हिंदुस्थानातच जन्मलेले मुसलमान. चौल आमच्या गावापासून लांब नाही. हे बयासिरा कोणाच्या हातचं जेवून मोठे झाले असतील? बाप गलबतावरचा, वर्षातले निम्मे महिने समुद्रात. घरात आई, आणि आई कोकणातली. तिनं मुलाला तांदूळ आणि नारळच भरवला असणार. खारीक बापानं आणली असेल. आमच्या ईदेच्या ताटाचा सगळा इतिहास मला या एका ओळीत दिसतो.

त्याहून मोठं आश्चर्य पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटाचं. शके 848, म्हणजे इसवी सन 926. राज्य राष्ट्रकूटांचं आणि संजाण प्रांतावर त्यांचा नेमलेला अधिकारी एक ताजिक, म्हणजे अरब. त्याचं नाव लेखात मधुमती असं येतं. ते मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. या मधुमतीच्या अमदानीत, त्याच्या संमतीनं, एका मठाला जमीन दिली गेली. कशासाठी? दशमी देवीच्या नैवेद्यासाठी आणि नऊ जणांच्या भोजनासाठी. शिवाय या मधुमतीनं नदीवर फुकट तरी सुरू केल्या आणि एक अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. अकराशे वर्षांपूर्वी मराठी मुलखाच्या किनाऱ्यावर एका अरबानं घातलेली ही पंगत आहे. मी हे चाचांना पत्रानं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, त्यात तब्येतीची चौकशी होती.

आमच्याच भागात आणखी एक मलिदा होता. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवत. ते एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात. पोहे, नारळ, साखर किंवा गूळ आणि फळं. आमचा मलिदा पोळी कुस्करून गूळ-तुपाचा. मूळ फारसी शब्दाचा अर्थच चोळलेलं, कुस्करलेलं. ज्यू, मुसलमान दोघांनी तो शब्द नैवेद्याला वापरला आणि मराठीनं तो उचलून सरकारी कंत्राटाला लावला. ‘मलिदा लाटला’ असं पेपरात वाचलं की मला दर्ग्याची पायरी आठवते.

अम्मीच्या आजोळघराचा इतिहास काढायला गेलो तर तिथे लग्नंच लग्नं. सोलापूर हा आदिलशाही आणि निजामशाहीच्या सीमेवरचा किल्ला. 1524 च्या सुमारास विजापूरची शहजादी अहमदनगरला दिली तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं आणि दिलं नाही, म्हणून पुढे वर्षानुवर्षं लढाया झाल्या. नंतर चांदबीबी अहमदनगरहून विजापूरला सून म्हणून गेली तेव्हा सोलापूर पुन्हा हुंड्यात. अम्मीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘मग मी कोकणात एक लाकडी साचाच आणला, हे फारच कमी झालं.’’

दादी 2004 मध्ये गेली. तिसरी फणसाची ईद तिला काही लाभली नाही. ती 2018 च्या जूनपासून हळूहळू जवळ येत होती. 2020 ची ईद 25 मेची, आणि तेव्हा सगळा देश घरात कोंडलेला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं आणि अम्मी, फणसाचा वासही नाही. 2021 ची 14 मेची. तेव्हाही दारं बंदच. आणि त्याच दिवशी अक्षय्य तृतीया होती, हे माझ्या कॅलेंडरवर दिसलं, पण लक्षात राहिलं नाही.

ते लक्षात आणून दिलं सुनेनं. आमच्या मुलानं डिसेंबर 2021 मध्ये लग्न केलं, नोंदणी पद्धतीनं. मुलगी जळगावकडची, शेतकरी घरातली, दोघं एकाच ऑफिसात. तिच्या घरून लग्नाला कुणी आलं नाही. आमच्याकडूनही चाचा आले नाहीत, तेव्हा फिटंफाट म्हणता येईल. पण पोरीचा चेहरा मी सही करताना पाहिला होता. महिन्याभरानं संक्रांत आली. माझी बायको बाजारातून तिच्यासाठी हलव्याचे दागिने घेऊन आली. पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याची बिंदी, बाजूबंद. सुनेला वाटलं, या घरात हे सगळं तिच्यासाठी मुद्दाम चाललंय. मी तिला सांगितलं, अगं, हलवा हा शब्दच अरबी आहे. सत्यनारायणाचा शिरा फारसी आहे. बर्फी फारसी, जिलबीही तिकडूनच आलेली. आणि आमच्या ईदेचं सांदण, घारी, करंजी, यात अरबीचं एक अक्षर नाही. उपवासाला चालणारा बटाटा, शेंगदाणा आणि मिरची तर अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बाबा, मग आखाजीचं काय?’’

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीइतका मोठा सण, आणि लेकीबाळींचा. सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे खातात. 2022 साली आखाजी आणि ईद दोन्ही 3 मेला होत्या. आणि सुनेला माहेरचं बोलावणं नव्हतं.

खापर म्हणजे उपडं ठेवलेलं मोठं मातीचं भांडं. त्याखाली चूल पेटवायची, पुरण भरलेली पोळी लाटण्याशिवाय दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि त्या घुमटावर टाकायची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मंडक आहे. गव्हाच्या पिठाचा, हातावर पसरलेला, तापल्या खापरावर भाजलेला. नावही तेच आणि हातही तेच. पण ग्रंथ वाचून मांडे होत नाहीत. सुनेनं गॅसवर कढई उपडी घातली. पहिला मांडा हातातच फाटला, दुसरा शेगडीवर पडला. तिसऱ्याला अम्मी उठली. बहात्तर वर्षांची बाई, आयुष्यभर चोंग्यांची कणीक मळलेली. तिनं कणीक चाचपली आणि म्हणाली, ‘‘बेटा, पाणी कम है.’’

त्या दिवशी दुसऱ्या शेगडीवर फणसाचं सांदण वाफवत होतं. फणस मी बाजारातून आणलेला, फोडताना तेल लावायला विसरलेला, त्यामुळे माझे हात चिकानं भरलेले. सांदण करत होती तीही अम्मीच. कोकणातल्या चुलतघरात आता कुणाला वेळ नाही, तिथे ईदेला शहरातून बिर्याणी येते. दादीचं प्रमाण फक्त अम्मीला माहीत, कारण ती पंचवीस-तीस वर्षं शेजारी उभी राहून नाक मुरडत ते पाहत होती. तिनं पांढरं सांदणही केलं. यीस्टचं. चव घेतली, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘वास नाही आला.’’ माडीचा वास तिला कधीच आवडला नव्हता. शिरखुर्मा सुनेनं केला, गाईच्या दुधाचा. आणि तीन मांडे जमले, त्यातला एक बऱ्यापैकी गोल.

सुनेनं फोटो काढून आईला पाठवला. उत्तर आलं नाही, पण फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या रेघा आल्या, असं तिनं मला रात्री सांगितलं.

2023 मध्येही ईद आणि आखाजी एकाच दिवशी होत्या, 22 एप्रिलला. सलग तिसरं वर्ष. त्या वेळी फोन आला. मांड्याच्या पिठाला किती वेळ भिजवायचं, यावर मायलेकी अर्धा तास बोलल्या, दुसऱ्या कशावरही नाही. मग त्या वर्षी अधिक श्रावण आला, 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत. पंचांगानं थकबाकी भरली आणि 2024 ला ईद 11 एप्रिलला आणि आखाजी 10 मेला, अशी ताटातूट झाली. आता एप्रिलच्या मागे गेलेली ईद फणसापर्यंत यायला 2050 उजाडेल.

पण अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. तीस-तीन अनारसे द्यायचे, दिव्यासह. ऑगस्टच्या सुरुवातीला सुनेचा धाकटा भाऊ जळगावहून आला. पहिल्यांदाच. तो चप्पल काढून दारातच उभा राहिला आणि एक स्टीलचा डबा त्यानं माझ्या मुलाच्या हातात दिला, वर दोरीनं पक्का बांधलेला. आत अनारसे, खसखशीच्या बाजूनं वर रचलेले, जाळी सुंदर पडलेली, आणि एका रुमालात छोटं निरांजन. मुलाला ते निरांजन कुठे ठेवावं कळेना. अम्मीनं ते घेतलं आणि चोंग्याच्या साच्याशेजारी फडताळात ठेवलं. साचा गेल्याच मोहरमला माळ्यावरून खाली आला होता.

अम्मीनं मग अनारसे मोजायला घेतले. हिशेबाला ती पक्की आहे. बत्तीस भरले. तिनं पुन्हा मोजले. बत्तीसच. आम्ही सगळे सुनेच्या भावाकडे बघायला लागलो. तो बिचारा म्हणाला, ‘‘गाडी चार तास लेट होती.’’